कापडी पिशवीतला हँडल

मी एक जुना हँडल आहे. दाराचा नव्हे, सायकलचा नव्हे. मोटारीच्या खिडकीची काच वर-खाली करण्यासाठी जो गरागरा फिरवतात, तो. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. तुमच्या गाड्यांत बटण दाबलं की काच आपली आपण सरकते. माझ्या काळी काच खाली करायची तर सात फेरे घ्यावे लागत, आणि सातवा फेरा झाला की वारा आत येई. त्या वाऱ्यातला थोडा मान माझाही आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. हल्ली मी बेंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या एका घरात भिंतीच्या फळीवर पडून असतो. इथे कसा आलो ते सांगतो. गोष्ट गमतीची नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म त्याच शहरातल्या पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका लहानशा कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, निवल्यावर कानस मारली, वर चकचकीत मुलामा चढवला आणि टोकाला काळी प्लॅस्टिकची गुंडी बसवली. आम्ही चार भाऊ एका गाडीच्या चार दारांवर लागलो. ती गाडी होसूर रस्त्यावर एका ट्रकवर आदळली. माझे तिघे भाऊ तिथेच चेपले. मी तेवढा वाचलो आणि जे. सी. रोडवर जुन्या सामानाच्या दुकानात एका पत्र्याच्या डब्यात येऊन पडलो. आजूबाजूला गंजके नट आणि तुटके आरसे. दोन वर्षं माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एके दिवशी येसाजी अण्णा आले. हे टॅक्सीवाले. पन्नाशीच्या आतबाहेरचे, उंच, आवाज मोठा. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बेंगळुरूला आले आणि परत जायचं राहून गेलं, असं ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत कन्नड शब्द न विचारता येऊन बसत. त्यांच्याकडे चार दारांची एक जुनी पांढरी गाडी होती. तिचे चारही हँडल एकेक करून तुटले होते, आणि त्या जातीचे नवे मिळायचे बंद झाले होते. अण्णांनी डब्यात हात घालून मला काढलं, गाडीशी नेलं आणि चारी दारांच्या दातेरी खुंट्यांवर लावून पाहिलं. मी चारीवर बसलो.

"चारी दारांना एकच बसतो," ते दुकानदाराला म्हणाले. "मग चार कशाला हवेत?"

तेव्हापासून आमच्या गाडीची एक रीत पडली. मी डॅशबोर्डच्या कप्प्यात राही. ज्याला काच उघडायची असेल तो म्हणे, "अण्णा, हँडल." अण्णा मला काढून मागे देत. माणूस मला खुंटीवर खोचून फिरवी, आणि काम झालं की पुढच्याच्या हातात ठेवी. पंगतीत मीठ मागावं तसा मी मागितला जाई. नवी माणसं आधी हसत, मग त्यांनाही सवय होई. एका गिऱ्हाइकाने तर उतरताना मला नमस्कार केला होता, थट्टेने का होईना. ते दिवस माझ्या मानाचे होते.

माझं सगळ्यात जास्त काम पडलं ते गुरुराजांसाठी. गुरुराज नकाशे काढायचे. हात इतका स्थिर की पट्टीशिवाय रेघ ओढत, असं अण्णा सांगायचे. या गुरुराजांची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा त्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात जावं लागे, आणि येसाजी अण्णा त्यांना नेत-आणत. परत येताना त्यांना मळमळे. ते मागच्या डाव्या खिडकीशी डोकं टेकून बसत आणि डोळे न उघडता बायकोला म्हणत, "वसू, काच."

वसू म्हणजे वसुमती अक्का. त्या हेब्बाळच्या पुढे एका बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, आठवड्याने किती उगवल्या ते पाहायचं, असं त्यांचं काम. बोलणं कमी, हात चपळ. अण्णांनी मला मागे द्यायच्या आधीच त्यांचा हात पुढे आलेला असे. सात फेरे होत, वारा आत येई, आणि गुरुराजांच्या कपाळावरची आठी जाई. दोन वर्षं हे चाललं. मग अक्कांनी आपलं एक मूत्रपिंड त्यांना दिलं. एक त्यांच्या पोटात राहिलं, एक नवऱ्याच्या. डॉक्टरांनी बजावलं की शरीराने ते परकं मानू नये म्हणून आता जन्मभर अशी औषधं घ्यावी लागतील की ज्यांनी रोगाशी लढायची ताकद कमी होते. साधी सर्दीसुद्धा यांना होऊ देऊ नका.

अक्कांनी ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. तीन वर्षं गुरुराजांना सर्दी झाली नाही.

आणि मग ती साथ आली, जिची तुम्हाला वेगळी ओळख करून द्यायला नको. अडीच महिने गाडी अण्णांच्या घरासमोर धूळ खात उभी होती. जूनमध्ये कचेऱ्या उघडल्या. बियाण्यांची कामं थांबत नाहीत, पेरणी कोणासाठी खोळंबत नाही, तेव्हा अक्कांना कामावर बोलावणं आलं. जे. पी. नगर ते हेब्बाळ म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या आधी मॅजेस्टिकला बस बदलून जायच्या. आता बसचं नावही त्यांना नको होतं. त्यांनी अण्णांना फोन केला. अण्णा म्हणाले, "अक्का, मी असताना तुम्ही बसमध्ये चढायचं नाही."

अजून दोघं जोडीला मिळाली. एक त्रिविक्रम, औषधांच्या गोदामात काम करणारे, चाळिशीचे, मत नाही असा विषय नसलेले. आणि एक सुखदा, नागपूरहून दोन वर्षांपूर्वी आलेली मुलगी, हेब्बाळच्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळणारी. सकाळी सव्वासातला निघायचं, संध्याकाळी सहाला परत. चौघांनी पहिल्याच दिवशी ठरवलं की या गाडीतून गुरुराजांपर्यंत काही पोचू द्यायचं नाही. मोठ्या आवाजात शपथ वगैरे कोणी घेतली नाही, पण मी कप्प्यातून ऐकलं ते शपथेसारखंच होतं.

पहिल्या आठवड्यातच सुखदा म्हणाली, "काका, एक बोलू का? हा हँडल आपल्या चौघांच्या हाताला लागतो. आमच्याकडे रोज मेल येतात, सरफेसवरून पसरतं म्हणून. रिस्क कशाला?"

सगळे माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी चोरून काही आणलंय. पण मुलीचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवसांत लोक भाजी साबणाने धूत होते आणि दूध घालणाऱ्याची पिशवी काठीने उचलत होते.

"मग काचा वरच ठेवू," त्रिविक्रम म्हणाले. "नाहीतरी सिग्नलला शेजारी बस येऊन उभी राहते, सगळं खोकणं आपल्या अंगावर. एसी आहे की. आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा, अण्णा. बाहेरचं काही नकोच."

सोमवारी येताना अक्का एक लहानशी निळी पिशवी घेऊन आल्या. गुरुराजांच्या जुन्या शर्टाचा खिसा उसवून त्यांनी ती केली होती. तीन बाजू शिवलेल्या होत्याच, चौथीला नाडी ओवली होती. त्यांनी मला औषधी पाण्याने पुसलं, पिशवीत घातलं, नाडी ओढली आणि कप्प्यात ठेवलं. दर शनिवारी त्या पिशवी घरी नेत, गरम पाण्यात धूत, इस्त्री करत आणि सोमवारी परत आणत. मित्रांनो, शहरात त्या वर्षी माझ्याइतका स्वच्छ हँडल दुसरा नसेल. मला कोणी हातही लावत नव्हतं.

दहा महिने गेले. कोणालाही काही झालं नाही, आणि घोटाळा तिथेच झाला. नुसतं नशीब होतं, ते सगळ्यांना पद्धत वाटायला लागलं. अण्णा रोज स्टिअरिंग पुसत, दारं पुसत, सीटवर फवारा मारत. गाडीला दवाखान्याचा वास येई आणि त्या वासानेच सगळ्यांना धीर येई. मास्क आधी नाकाखाली आले, मग हनुवटीवर. इथे सगळी आपलीच माणसं, असं त्रिविक्रम म्हणत. अक्का कधी कोडबळी, म्हणजे आपली कडबोळी, करून आणत, ती या हातातून त्या हातात जात, हसणं-बोलणं होई. शेजारी खच्चून भरलेली बस आली की त्रिविक्रम काचेतून बोट दाखवत.

"बघा. मरायला चाललेत."

बसच्या खिडक्या सगळ्या उघड्या असत; आतला गलबला मला कप्प्यातही स्पष्ट ऐकू येई. ते मी एकट्याने लक्षात घेतलं असेन, पण पिशवीतल्या हँडलला विचारतो कोण?

पुढच्या वर्षीचा एप्रिल आला. ऊन कडक, आणि आजार पुन्हा वाढू लागल्याच्या बातम्या. एका रविवारी येसाजी अण्णा सर्जापूर रोडला बहिणीच्या नातवाच्या बारशाला जाऊन आले. घरचीच तीस माणसं, दारं-खिडक्या बंद, बाळाला वारा लागू नये म्हणून. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गाडीत त्यांनी ते कोणालाच सांगितलं नाही. बुधवारी त्यांचा घसा खवखवू लागला. गुरुवारी ते दोनदा खोकले. शुक्रवारी संध्याकाळी परतताना हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाड्यांची रांग लागली. गाडी तासभर जागची हलेना. उन्हाची तिरीप काचेवर, एसी धापा टाकत, आणि आत चार माणसांचे श्वास.

अण्णा पुन्हा खोकले.

"घसा धरलाय का, अण्णा?" अक्कांनी मागून विचारलं.

"धूळ हो, अक्का. मेट्रोचं काम चाललंय ना सगळीकडे. स्वल्प गरम पाणी घेतलं की सरी होतं, बरं वाटतं."

मी कप्प्यात होतो, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. पण त्यांनी गिअर टाकला तो अडकला, आणि इतक्या वर्षांत त्यांचा गिअर कधी अडकला नव्हता.

थोड्या वेळाने अक्का म्हणाल्या, "गुदमरल्यासारखं होतंय. तो हँडल जरा द्या बघू."

त्रिविक्रमांनी कप्पा उघडला. आत उजेड आला. त्यांचा हात पिशवीवर पडला, नाडी सैल झाली. माझ्या मनात आलं, आता सात फेरे, फक्त सात.

"नको," अक्का म्हणाल्या. "राहू द्या. उगाच सगळ्यांचे हात लागतील. मला घरी जाऊन यांना औषध द्यायचंय."

त्रिविक्रमांनी नाडी ओढली आणि कप्पा लावला. पुलावरून गाडी हलायला अजून वीस मिनिटं लागली.

मित्रांनो, एवढंच झालं. कोणी भांडलं नाही, कोणी कोणाचं वाईट चिंतलं नाही. एका बाईने नवऱ्याच्या काळजीपोटी एक काच बंद ठेवली. मी पुष्कळदा मनाशी म्हणतो की मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण खरं सांगायचं तर मलाही तेव्हा काही कळत नव्हतं. मला फक्त फिरायचं होतं.

शनिवारी अण्णांना ताप भरला. त्यांनी लगेच तिघांना फोन केले, एवढं खरं. अक्कांनी ऐकताक्षणी स्वतःला पुढच्या खोलीत कोंडून घेतलं आणि गुरुराजांना मागच्या खोलीत बसवलं. पण शुक्रवारची रात्र मध्ये गेली होती, त्यांच्या हातचं जेवण झालं होतं, गोळ्या त्यांनी जवळ बसून दिल्या होत्या. मंगळवारी अक्कांना ताप आला, गुरुवारी गुरुराजांना. त्रिविक्रम आणि सुखदा दोघंही आजारी पडले, पण चार दिवसांत उठले. गुरुराजांनी लसीची एक टोचणी घेतली होती. त्यांच्या औषधांपुढे ती किती पुरणार होती?

त्या आठवड्यात शहरात खाट मिळणं म्हणजे काय होतं ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. कदाचित ते सांगणार नाहीत. रुग्णवाहिकेला फोन लागत नव्हता. सुखदा तापातून नुकती उठली होती. तिने दीड दिवस तिच्या हॉस्पिटलात याच्या-त्याच्या पाया पडून एक खाट मिळवली. आता न्यायचं कोणी? अण्णांचा ताप उतरला होता, पण पाय लटपटत होते. त्यांच्या बायकोने नको म्हटलं. ते उठले, गाडी झटकली आणि सकाळी अक्कांच्या दाराशी आणून लावली. टाळेबंदी पुन्हा लागली होती. रस्ता मोकळा होता.

गुरुराजांना अण्णा-अक्का दोघांनी धरून आणलं. ते आपल्या जुन्या जागी बसले, मागे, डाव्या खिडकीशी. छाती भात्यासारखी चालली होती. गाडी सुटली आणि त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "वसू, काच."

अण्णांनी कप्पा उघडून पिशवी मागे दिली. अक्कांना नाडी सुटेना. शेवटी त्यांनी ती दातांनी तोडली, मला काढलं, खुंटीवर खोचलं आणि फिरवलं. दहा महिन्यांनी मी फिरलो. पहिला फेरा जड गेला, मग काच कुरकुरत खाली उतरली आणि वारा आत आला. मी पुष्कळ वेळा वारा आत आणला आहे, पण तो वारा मला सोसला नाही. गुरुराजांनी हात पुढे करून मला मुठीत धरलं. नकाशे काढणारा तो हात, पट्टीशिवाय रेघ ओढणारा. हेब्बाळ येईपर्यंत त्याने मला सोडलं नाही.

हॉस्पिटलच्या फाटकापाशी सुखदा दोन मास्क लावून लांब उभी होती. गुरुराजांना चाकाच्या खुर्चीतून आत नेलं, अक्का मागोमाग गेल्या. मग ती खिडकीशी आली.

"काका, खाट देताना डॉक्टरांनी सगळी हिस्ट्री विचारली. मी आपल्या गाडीचं सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं. काचा उघड्या असायच्या का म्हणून."

अण्णांनी नाही अशी मान हलवली. "हँडल पिशवीत होता."

"मीच म्हणाले होते ना, काका," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

अकराव्या दिवशी गुरुराज गेले. अक्कांनी दिलेलं मूत्रपिंडही त्यांच्याबरोबर गेलं. अक्कांना चेहरा दुरूनच दाखवला, तोही प्लॅस्टिकमधून. अण्णा अक्कांना घरी आणायला गेले तेव्हा मी हे सगळं गाडीच्या दारावर बसून ऐकलं, कारण त्या सकाळपासून मला खुंटीवरून काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. घर येईपर्यंत मागच्या सीटवर अक्का एकट्या होत्या, आणि डावी काच उघडी होती.

जुलै उजाडला. प्रयोगशाळेतून अक्कांना पुन्हा बोलावणं आलं होतं, असं त्रिविक्रमांकडून अण्णांना कळलं. अण्णा दोन महिने त्यांच्या गल्लीत फिरकले नव्हते. बाहेरचं भाडं घेत, पण गप्प असत. साडेतीनशे वर्षांची गोष्ट ते आता कोणाला सांगत नसत. एका रविवारी त्यांनी मला चारी दारांवर फिरवलं, चारी काचा तळाला नेल्या, आणि गाडी जे. पी. नगरात आणली. मग मला हातात घेऊन ते उतरले. अक्का फाटकाच्या आत उभ्या होत्या. फाटक त्यांनी उघडलं नाही.

"अक्का, एक सांगायचं राहिलंय."

"सांगा."

अण्णांनी सांगितलं. बारसं सांगितलं, तीस माणसं सांगितली, बुधवारचा घसा सांगितला. मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी मला, त्यांच्या मुठीत असूनही, नीट ऐकू येत नव्हतं.

"तुम्ही विचारलंत तेव्हा मी धूळ म्हणालो. धूळ नव्हती, अक्का. मला शंका आली होती. खरं बोललो असतो तर गाडी बंद करावी लागली असती, आणि तुम्हाला बसने जावं लागलं असतं. बस नको, बस नको, एवढंच डोक्यात होतं. म्हणून बोललो नाही."

समोरच्या घरातला कुकर वाजला, थांबला. अण्णा खाली मान घालून उभे होते. त्यांचा तळहात घामाने ओला झाला होता आणि मी त्यात निसटत होतो.

"खिसा मी उसवला," अक्का म्हणाल्या. "रोज ओल्या कागदावर बिया मांडते, अण्णा. झाकण घट्ट लावलं तर बुरशी धरते. म्हणून बोटभर फट ठेवते. तेवीस वर्षं ठेवते आहे. नव्या मुलींना मीच शिकवते. आणि गाडीत मला सुचलं नाही."

"तुमची काय चूक, अक्का?"

"असू दे. तुमचीही असू दे, माझीही असू दे. नाही कशाला म्हणायचं?"

त्यांनी माफ केलं असं मी म्हणणार नाही. तसं काही त्यांच्या आवाजात नव्हतं. पण त्यांनी फाटक उघडलं.

अण्णांनी मला पुढे केलं. "हा तुमच्याकडे ठेवा. चारी काचा खाली करून आलोय. उद्यापासून त्या वर करायच्या म्हटल्या तरी माझ्या हातात राहणार नाही."

"पाऊस आला तर?"

"भिजू."

अक्कांनी मला घेतलं. उद्या येते म्हणाल्या नाहीत, येत नाही असंही म्हणाल्या नाहीत. अण्णा गेले. दुसऱ्या दिवशी सव्वासातला खाली हॉर्न वाजला. अक्का दारात उभ्या राहिल्या. हॉर्न पुन्हा वाजला नाही. अण्णा थांबले असावेत. मग अक्का आत आल्या, खुंटीवरचा टॉवेल घेतला, मास्क नाकावर नीट बसवला आणि निघाल्या.

तेव्हापासून मी या फळीवर आहे. इथे पूर्वी गुरुराजांच्या गोळ्यांचा डबा असे. माझा मुलामा आता उडाला आहे, गुंडी सैल झाली आहे, आणि मला कोणी मागत नाही. ती पांढरी गाडी अजून चालते असं ऐकतो. तिच्यात बसणारी माणसं पावसात ओली होतात, धुळीने माखतात आणि अण्णांना नावं ठेवतात. निळी पिशवी आता राहिलेली नाही. नाडी काढून अक्कांनी तो खिसा पुन्हा त्या शर्टाला शिवून टाकला, जिथून उसवला होता तिथेच, आणि शर्ट घडी करून कपाटात ठेवला.

मित्रांनो, गर्दीपासून लांब राहा हे तुम्हाला सगळेच सांगतील, आणि ते खरंच आहे. मी त्यात माझं एक घालतो. आपल्या माणसांच्या गाडीत बसलात की आधी काच खाली करा. घसा खवखवत असेल तर घरी राहा आणि तसं सांगा. लाज वाटली तरी सांगा, कोणाची अडचण झाली तरी सांगा. तुमच्या गाडीत माझ्यासारखा हँडल नसेल, नुसतं बटण असेल. तुम्हाला तर सात फेरेही घ्यायचे नाहीत.

आता सकाळचे सात वाजून गेले आहेत. अक्कांची निघायची तयारी झाली आहे. त्या रोजच्यासारख्या फळीशी येतील, मला उचलतील, हवेतच एक फेरा फिरवतील आणि परत ठेवतील. घरात मागे कोणी नसतं. तरीही जाण्याआधी त्या मागच्या खोलीत जातात, आणि तिथली खिडकी उघडी करून जातात.